लेकरांचे रात्रीचे कपडे



तुमच्या घरातील लहान मूल रात्री कोणत्या कपड्यांत झोपते? प्रश्न अगदी साधा आहे. पण तो विचारला की बहुतेक आया क्षणभर गप्प होतात आणि मग म्हणतात, "कोणत्या म्हणजे? अंगावर असतील त्याच!"

आमच्या भोंगवलीत काय किंवा भोर तालुक्यातील इतर गावांत काय, चित्र साधारण सारखेच दिसते. मूल गणवेश घालून शाळेत जाते. घरी आले की दप्तर टाकून त्याच गणवेशात अंगणात धूळ उडवते, त्याच कपड्यांत जेवते आणि टीव्हीसमोर किंवा हातातल्या मोबाईलसमोर बसल्या जागी पेंगते. मग आई त्याला उचलून अंथरुणावर टाकते. मूल रडते, आई वैतागते. "झोप मुकाट्याने, नाहीतर बागुलबुवा येईल" असे म्हणत दिवा मालवला जातो. सकाळी तोच चुरगळलेला, घामट सदरा झटकून मूल पुन्हा शाळेत. ज्या वेळेला घरात सर्वात जास्त माया असायला हवी, ती वेळ आपण रडारडीत आणि दमदाटीत घालवतो.

यावर एक लहानसा, कमी खर्चाचा उपाय आहे. दिवसाचे कपडे उतरवायचे, हात-पाय-तोंड धुवायचे आणि फक्त झोपेसाठी राखून ठेवलेले, धुतलेले, मऊ कपडे मुलाला घालायचे. शहरात त्याला नाईट ड्रेस म्हणतात. नाव काहीही द्या, पण तो श्रीमंतांचा चोचला आहे हा समज आधी मनातून काढून टाकला पाहिजे.

थोडा हिशोब मांडू

मी कारकुनी करणारा माणूस. आकडा मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांनुसार एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास आणि तीन ते चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप हवी. सहा वर्षांपुढच्या शाळकरी मुलालाही ९ ते १२ तास झोप लागते, असे अमेरिकेतील निद्रातज्ज्ञांच्या संस्थेने २०१६ साली सांगितले आहे. आपण पहिलीतल्या मुलाचे दहाच तास धरू. वर्षाचे झाले ३,६५० तास.

आता शाळा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन व्हायला हवे. म्हणजे मूल वर्गात जितके तास शिकते, त्याच्या साडेचार पट तास ते झोपेत असते. वर्गातल्या ८०० तासांसाठी आपण गणवेश, बूट, मोजे यांची धावपळ करतो. ते केलेच पाहिजे. पण ३,६५० तासांसाठी घरात एक धड जोड नसावा, हा हिशोब कुठेतरी चुकतो आहे.

झोपेचा प्रश्न सरकारदरबारीही पोहोचलेला आहे. मुलांची झोप पुरी होत नाही, तेव्हा शाळेची वेळ बदलावी, ही गोष्ट तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी डिसेंबर २०२३ मध्ये जाहीरपणे मांडली. त्यानंतर फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने पूर्व-प्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय काढला. निर्णय चांगलाच आहे. पण मूल रात्री साडेअकराला झोपणार असेल तर शाळा नऊला भरून काय उपयोग? सकाळची घंटा शासनाच्या हातात आहे, रात्रीचा दिवा मात्र आपल्याच हातात आहे.

पायजमा आपलाच

गंमतीची गोष्ट अशी, की रात्रीचे कपडे ही साहेबाची रीत म्हणून आपण हसतो, पण साहेबाने ती इथूनच नेली. पायजमा हा मूळ फारसी शब्द. पा म्हणजे पाय आणि जामा म्हणजे वस्त्र. हिंदुस्थानात राहणाऱ्या इंग्रजांना इथला सैल, सुती पायजमा झोपायला बरा वाटला. त्यांनी तो उचलला, शब्दासकट मायदेशी नेला आणि तिकडे तो झोपेचा पोशाख झाला. आपल्याकडे तर बाळासाठी झबले, टोपडे, कुंची, दुपटे असा सगळा संच पूर्वीपासून आहे. मूल चालायला लागले की मात्र आपण हात आखडता घेतो. खरे तर दोन ते सात वर्षांच्या वयातच मुलाला झोपायचा कंटाळा येतो, अंधाराची भीती वाटते आणि आईला सोडवत नाही. मदतीची गरज तेव्हाच जास्त असते.

कपड्यांनी झोप कशी येते?

कपड्यात जादू नाही. जादू रोजच्या क्रमात आहे. लहान मुलाला घड्याळ कळत नाही, पण "यानंतर हे" एवढे पक्के कळते. ताट वाढले की जेवायचे, दप्तर उचलले की शाळा. तसेच मऊ सदरा अंगात गेला की आता खेळ संपला आणि आईच्या कुशीत शिरायचे, हे त्याचे शरीरच ओळखू लागते. सांगावे लागत नाही, ओरडावे लागत नाही.

याचा अभ्यासही झाला आहे. २००९ साली 'स्लीप' या अमेरिकेतील नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सात महिने ते तीन वर्षे वयाच्या मुलांच्या ४०५ माता सहभागी होत्या. ज्यांना क्रम पाळायला सांगितला त्यांनी रोज रात्री तीन गोष्टी केल्या. आधी आंघोळ, मग अंगाला हलके मालीश, मग कुशीत घेणे किंवा अंगाई यांसारखी शांत गोष्ट, आणि त्यानंतर दिवा बंद. दोनच आठवड्यांत मुले लवकर झोपू लागली, रात्री कमी उठू लागली आणि आयांची चिडचिडही कमी झाली. यातले काय आपल्याला नवीन आहे? कोमट पाणी, तेलाचा हात आणि अंगाई आपल्या आज्यांना ठाऊकच होती. आंघोळ आणि कुशी यांच्या मधला दुवा म्हणजे हे धुतलेले कपडे.

काहीजण म्हणतील, एका खोलीत सहा माणसे, तिथे कसला क्रम? त्यांना सुभेदार रामजींची आठवण द्यावीशी वाटते. मुंबईत परळच्या चाळीत एकाच खोलीत सारा संसार होता. तेव्हा ते बाळ भीमरावांना लवकर झोपवीत, स्वतः रात्री दोनपर्यंत जागे राहत, मग मुलाला अभ्यासाला उठवून त्याच जागेवर आपण पाठ टेकत. आज कोणी मुलाला रात्री दोनला उठवावे असे मी सांगणार नाही, लहान मुलाला तर मुळीच नाही. ध्यानात ठेवायचे ते एवढेच, की जागा नव्हती, पैसा नव्हता, तरी त्या बापाने मुलाच्या झोपेची जागा आणि वेळ ठरवून दिली आणि तिची राखण केली. झोपवणे हे बाईचे काम म्हणून जे बंधू पारावर बसून राहतात, त्यांनी यावर जरूर विचार करावा.

कापड कोणते घ्यावे?

बाजारात कार्टूनची चित्रे असलेले, आतून केसाळ आणि हाताला लोण्यासारखे लागणारे नाईट सूट टांगलेले असतात. दिसायला छान. पण त्यातले बरेचसे पॉलिएस्टरचे असतात. घाम शोषला जात नाही, अंगावर पुरळ उठते आणि मूल रात्रभर तळमळते. शंका आली तर कपड्याचा एक सुटा दोरा काढून मोठ्या माणसाने तो चिमट्यात धरून पेटवून पाहावा. सुती दोरा कागदासारखा जळून राख होते, कृत्रिम दोरा वितळून त्याची कडक गोळी होते. अंगावर ती वितळली तर काय होईल, ते वेगळे सांगायला नको.

सर्वात उत्तम कापड बहुतेक घरांत आधीच असते. आईचे किंवा आजीचे वापरून वापरून मऊ झालेले सुती लुगडे. आपण त्याची वाकळ शिवतो. पण त्यातला धड भाग काढला तर लहान मुलाचे दोन सदरे-लेंगे सहज निघतात आणि उरलेले वाकळीला लागते. शिवण-मशीन घरी किंवा शेजारी असेल तर खर्च फक्त दोऱ्याचा आणि इलॅस्टिकचा. आईच्या लुगड्याच्या कापडात मुलाला आईचा वास येतो, तो कोणत्या दुकानात मिळणार? नवे कापड घ्यायचे तर मांजरपाटाचा बारीक प्रकार, मलमल किंवा सुती होजिअरी चालेल. थंडीसाठी सुती फ्लॅनेल. मात्र नवे कापड एकदा धुऊन, खळ काढून मगच अंगाला लावावे.

शिवताना काही गोष्टी सांभाळाव्यात. कपडा अंगासरशी असावा, आवळणारा नको आणि घोळदारही नको. गळ्याला किंवा टोपीला नाडी नको, कमरेला बेताचे इलॅस्टिक. बटणे घट्ट शिवलेली असावीत, तुटके बटण मूल तोंडात घालते. शिवणीच्या कडा आतून टोचत असतील तर रात्रीचा सदरा बेलाशक उलटा घाला. रात्री कोण बघायला येतो?

रात्रीचे धोके

घोळदार नको म्हणालो, त्याला कारण आहे. आपल्याकडे अजून चूल आहे, वीज गेली की मेणबत्ती किंवा चिमणी आहे, डासांची उदबत्ती आहे. लोंबत्या घोळाला आग पटकन धरते. अमेरिकेत मुलांच्या झोपेच्या कपड्यांसाठी आगीचे नियम १९७२ पासून लागू झाले. तेव्हा कपडा पेटू नये म्हणून त्यावर ट्रिस नावाचे रसायन लावीत. त्यापासून कर्करोगाचा धोका असल्याचे दिसल्यावर १९७७ साली त्या कपड्यांवर बंदी आली. पुढे १९९६ साली, असे रसायन न लावलेला पण अंगाबरोबर बसणारा कपडा तिथे मान्य झाला. कारण कपडा अंगालगत असला की आत हवा कमी राहते आणि तो सहजासहजी पेटत नाही. एवढ्या अनुभवातून निघालेले हे शहाणपण आपण फुकटात घ्यावे.

दुसरा धोका विंचू-सापांचा. वरंध घाट उतरला की महाड. तिथल्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध उपयोगी पडते हे दाखवून दिले आणि असंख्य मुलांचे प्राण वाचले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण दंशच होऊ नये हे अधिक बरे. खुंटीवरचा, दोरीवरचा, ट्रंकेतला कपडा दोनदा झटकल्याशिवाय मुलाच्या अंगात घालू नका. अंथरूण-पांघरूणही झटका. शक्य असेल तर मुलाला जमिनीवर न झोपवता खाटेवर झोपवा आणि मच्छरदाणी अंथरुणाखाली नीट खोचा. मण्यार रात्री फिरते. तिच्या चाव्याला फारशा वेदना नसतात, कधी खूणही दिसत नाही. पहाटे मूल पोटात दुखते म्हणाले, पापण्या जड झाल्या, बोलणे अडखळले, तर मांत्रिकाच्या दारात एक मिनिटही घालवू नका. १०८ ला फोन करा आणि थेट दवाखाना गाठा. भोंगवलीला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, आपापल्या गावाजवळचे केंद्र कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असावे.

तिसरा धोका आपणच मुलाच्या गळ्यात बांधतो. दृष्ट लागू नये म्हणून काळा दोरा, ताईत, वर एखादी साखळी. झोपेत कूस बदलताना हा दोरा कुठे अडकला तर गळा आवळतो. दृष्ट कोणाची लागत नाही, दोरा मात्र लागतो. रात्रीचे कपडे घालताना गळा मोकळा करायचा, हा नियमच करून टाका, आणि एकदा काढलेला दोरा पुन्हा बांधला नाही तर उत्तमच.

वर्षाच्या आतील बाळाला पाठीवर झोपवावे. त्याच्याजवळ उशी, जाड गोधडी किंवा तोंडावर येईल असे पांघरूण ठेवू नये. थंडी असेल तर पांघरूण वाढवण्यापेक्षा अंगात कपड्याचा एक थर जास्त घालावा. बाळाला उकडते की थंडी वाजते हे हातापायांवरून कळत नाही, मानेच्या मागे हात लावून पाहावे.

मुलाला गोडी कशी लावावी?

आता मुख्य गोष्ट. नवा नियम म्हणून कपडे लादले तर उद्यापासून रडारडीला आणखी एक निमित्त होईल. मुलाला त्यात मजा वाटली पाहिजे.

दोन जोड पुढे ठेवा आणि विचारा, "आज चांदोबाचा सदरा की फुलांचा?" झोपायचे की नाही हे आपण विचारत नाही, कोणता सदरा एवढेच विचारतो. निवड आपण केली या आनंदात मूल झोपायला तयार होते. साध्या सदऱ्यावर रंगीत दोऱ्याने एक चांदणी, मासा किंवा मोर भरा. बटणे लावताना एक-दोन-तीन मोजा, आकडे आपोआप पाठ होतील. बाहीतून हात आला की "हा आला पाहुणा!" म्हणा. मोठ्या भावंडाने धाकट्याला लेंगा घालायला मदत करावी. तीन-चार वर्षांचे मूल स्वतः घालायला बघत असेल तर पुढचे-मागचे उलटे झाले तरी दुरुस्त करत बसू नका. उतरवलेला सदरा मुलानेच धुण्याच्या बादलीत टाकावा आणि रात्रीचा जोड सकाळी घडी करून उशाखाली ठेवावा. आपली वस्तू आपण सांभाळायची, हे शिक्षण इथूनच सुरू होते.

कपडे घातल्यानंतर टीव्ही नाही आणि मोबाईल नाही. मुलांनाही नाही आणि त्या अर्ध्या तासापुरता आपल्यालाही नाही. एक गोष्ट सांगा. जातकातली असो, रानातल्या कोल्ह्याची असो, नाहीतर आजोबांच्या लहानपणीची असो. भुताची मात्र नको. बागुलबुवाच्या भीतीने मूल गप्प पडते, त्याला झोप येत नाही. भीतीने डोळे मिटायला शिकलेले मूल उद्या भीतीनेच मान खाली घालायला शिकते. आपल्या मुलांना आपल्याला तसे वाढवायचे नाही.

अंथरूण ओले झाले म्हणून चार लोकांत मुलाची थट्टा करू नका. पाच-सहा वर्षांपर्यंत, कधी त्याही पुढे, असे होते. एक जादा लेंगा आणि एक दुपटे उशाशी ठेवा, न बोलता बदला आणि झोपवा. पावसाळ्यात आपल्याकडे कपडे वाळत नाहीत, तेव्हा दोनाऐवजी तीन जोड लागतील. चुलीवर टांगून वाळवू नका, रात्रभर धूर मुलाच्या नाकाशी राहतो आणि आगीची भीती वेगळीच.

ठिगळ चालेल, पण स्वच्छ

शेवटी एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांपुढे जे भाषण केले, त्यात कपड्यांचा विषय मुद्दाम काढला होता. वस्त्राला ठिगळे असली तरी हरकत नाही, पण ते स्वच्छ असावे, असे त्यांचे सांगणे होते. ज्या मनुस्मृतीने काही माणसांना प्रेतावरची वस्त्रे नेसायला सांगितली, तिचे दहन त्याच परिषदेत झाले. तेव्हा आपल्या घरात कपड्याचा प्रश्न हा केवळ हौसेचा प्रश्न कधीच नव्हता.

म्हणूनच आईच्या जुन्या लुगड्याचा सदरा आणि कोणी फेकलेली चिंधी यांत मोठा फरक आहे. एकात माया आहे, दुसऱ्यात उपकार आहे. ऊसतोडीच्या हंगामात कारखान्यांच्या आसपास कोप्यांमध्ये किती लेकरे ऐन थंडीत उघडी झोपतात, ते आपण पाहतो. आपल्या मुलांना लहान झालेले रात्रीचे कपडे त्यांना जरूर द्या. पण धुऊन, तुटलेली बटणे लावून, उसवलेली शिवण घालून, नीट घडी करून द्या. आपल्या लेकराला जे घालताना लाज वाटेल, ते दुसऱ्याच्या लेकराला देऊ नये.

तेव्हा या आठवड्यात ट्रंक उघडा, एक जुने सुती लुगडे काढा आणि बेत करा. वडिलांनी पाणी तापवावे, आईने माप घ्यावे, आजीने गोष्ट काढून ठेवावी. पंधरा दिवस नेमाने करून पाहा. सोळाव्या दिवशी मूलच हातात सदरा घेऊन तुमच्या पुढ्यात येईल आणि म्हणेल, "आई, झोपायचं ना?"